सरकारी धरण स्थानिक संस्थेच्या नावावर कसं होतं: अमेरिकेतली वाट, पायरीपायरीनं

अमेरिकेच्या पश्चिम भागात शेतीला आणि गावांना पाणी पुरवणाऱ्या संस्थांच्या सभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चाळीस वर्षं हप्ते भरले, कर्ज फिटलं, आता धरण आपलंच." तसं होत नाही. १९०२ च्या रेक्लमेशन कायद्याच्या सहाव्या कलमातच लिहून ठेवलंय की जलाशयाची आणि तो सांभाळायला लागणाऱ्या कामांची मालकी, काँग्रेस (अमेरिकेची संसद) दुसरं काही ठरवत नाही तोवर, सरकारकडेच राहील. कर्ज फेडणं हा एक व्यवहार आणि मालकी मिळवणं हा दुसरा. पहिला पुरा झाला म्हणून दुसरा आपोआप होत नाही.

इथे 'सरकार' म्हणजे फेडरल सरकार आणि त्याच्या वतीने धरणं बांधणारी संस्था म्हणजे 'ब्युरो ऑफ रेक्लमेशन'. पश्चिमेकडच्या १७ राज्यांत तिची धरणं आहेत. ही धरणं चालवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही ब्युरो स्वतःच चालवतो. काहींचं रोजचं काम स्थानिक इरिगेशन डिस्ट्रिक्टकडे (पाणी पुरवणारी स्थानिक संस्था, जिल्हा नव्हे) सोपवलेलं असतं. दरवाजे उघडणं, गळती मोजणं, गवत काढणं, दुरुस्ती करणं हे सगळं डिस्ट्रिक्ट करतं, पण कागद सरकारच्या नावावर असतो. शेत कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना जे मिळालं, त्याची जात हीच: व्यवस्थापन संस्थेकडे, मालकी सरकारकडे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्था पाण्याचं वाटप करतात, पण धरण त्यांचं झालेलं नाही. अमेरिकेत त्यापुढचं पाऊलही टाकता येतं, म्हणजे धरण, जमीन, रस्ते, चौकीदाराचं घर असं सगळं संस्थेच्या नावावर करून घेता येतं. हा लेख त्या पावलाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातलं स्लाय पार्क धरण समोर ठेवतो. सिएरा नेवाडाच्या उतारावर, पोलॉक पाइन्स गावाजवळ, १९५० च्या दशकात ब्युरोने ते बांधलं. त्याच्या जलाशयाला जेन्किन्सन लेक म्हणतात. क्षमता ४१,००० एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसीच्या आसपास. खडकवासल्यापेक्षा किंचित कमी. ते चालवायचं काम एल डोराडो इरिगेशन डिस्ट्रिक्टकडे होतं. मालकी देण्याचा कायदा काँग्रेसने २००० साली केला आणि प्रत्यक्ष मालकी २००३ मध्ये डिस्ट्रिक्टकडे आली. कायदा हातात असतानाही तीन वर्षं गेली, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. सॅक्रामेंटोच्या पूर्वेला एल डोराडो हिल्समध्ये राहणारी मराठी कुटुंबं याच डिस्ट्रिक्टचं पाणीबिल भरतात. त्यांच्यासाठी हा विषय घरचाच आहे.

पहिली पायरी: घ्यायचं कशाला, हे आधी ठरवा

कारणं बरीच सांगितली जातात. टिकणारी दोन-तीनच असतात. एक, परवानग्या. धरणाच्या जमिनीतून शेजाऱ्याला पाइप न्यायचा असला तरी ब्युरोच्या कार्यालयात अर्ज, त्याची पर्यावरणीय छाननी आणि त्या छाननीचा खर्च. दोन, पैसा उभा करणं. स्वतःच्या नावावर नसलेल्या कामावर मोठी दुरुस्ती करायला कर्ज काढणं अवघड जातं. तीन, जमिनीच्या मर्यादेचे नियम. ब्युरोचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला १९८२ च्या कायद्याने ९६० एकरांची मर्यादा आणि दरवर्षीचे फॉर्म लागू होतात. मालकी बदलल्यावर हा जाच बहुधा सुटतो, पण तुमचं पाणी ब्युरोच्या आणखी एखाद्या प्रकल्पातूनही येत असेल तर सुटत नाही. वकिलाला हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा.

"आपलं पाणी, आपली सत्ता" हे कारण मात्र मी यादीत शेवटी ठेवतो. सभेत त्याला टाळ्या पडतात, पण धरण स्थानिक झालं म्हणून ते मोकळं होत नाही. फेडरल देखरेख गेली की राज्याची देखरेख येते. कॅलिफोर्नियात फेडरल धरणं राज्याच्या धरण सुरक्षा विभागाच्या कक्षेबाहेर असतात. मालकी बदलली की तीच धरणं त्या कक्षेत येतात, मग दरवर्षीची तपासणी आणि दरवर्षीची फी सुरू. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याची दाणादाण उडाली आणि जवळपास दोन लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर राज्याने बुडीत नकाशे (धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल ते दाखवणारे) आणि आणीबाणीच्या आराखड्याचे नियम आणखी कडक केले. साहेब जात नाही, बदलतो.

दुसरी पायरी: कोणत्या वाटेने जायचं

२०१९ पर्यंत वाट एकच होती. आपल्या खासदाराला गाठायचं, आपल्या धरणापुरतं स्वतंत्र विधेयक मांडून घ्यायचं, दोन्ही सभागृहांत ते मंजूर होण्याची वाट बघायची. स्लाय पार्क असंच गेलं. त्याच सुमारास शेजारच्या प्लेसर काउंटीत शुगर पाइन धरणही याच वाटेने फॉरेस्टहिलच्या पाणीसंस्थेकडे गेलं आणि टेक्सासमधला लेक टेक्साना लवाका-नाविदाद नदी प्राधिकरणाकडे.

१२ मार्च २०१९ ला जॉन डिंगेल यांच्या नावाचा मोठा कायदा झाला. त्याच्या आठव्या भागाने दुसरी वाट उघडली. ठरावीक निकष पाळले तर गृहखात्याचे सचिव (तिथलं हे खातं जमीन, पाणी आणि आदिवासी व्यवहार पाहतं, पोलीस नव्हे) स्वतंत्र कायद्याशिवाय मालकी देऊ शकतात. काँग्रेसला निदान ९० दिवस आधी लेखी कळवायचं आणि त्या काळात काँग्रेसने विरोधी ठराव केला नाही म्हणजे झालं.

ही वाट सगळ्यांना खुली नाही. ब्युरो स्वतः चालवतो ती कामं यातून जात नाहीत. फेडरल संस्थेमार्फत विकली जाणारी वीज जिथे तयार होते ती कामंही नाहीत, आणि हस्तांतरणामुळे फेडरल वीजदरांना धक्काही लागता कामा नये. आणि घेणारी संस्था आज करारानुसार ते काम चालवत असली पाहिजे. बाहेरून येऊन "आम्हाला द्या" म्हणण्याची सोय नाही. आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सच्या (लष्कराच्या अभियंता दलाच्या) धरणांना तर हा कायदा लागूच होत नाही. तिथे स्वतंत्र कायदाच लागतो आणि पूरनियंत्रण हा मुख्य हेतू असलेलं धरण स्थानिकांकडे देण्याची त्यांना फारशी हौसही नसते.

म्हणून सगळ्यात आधी करार काढा. मूळ परतफेडीचा करार, त्याच्या दुरुस्त्या, देखभालीचा करार, मनोरंजनाच्या जागेचा करार. धरण कोणाच्या यादीत मोडतं हे त्यावरून कळतं. आणखी एक गोष्ट याच वेळी तपासा. धरण एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे का? स्लाय पार्क हे सेंट्रल व्हॅली प्रोजेक्टचं अंग होतं. अशा वेळी त्या मोठ्या प्रकल्पाच्या निधीत भरायच्या रकमा सुटतात की चालूच राहतात, हे लेखी ठरवून घ्यावं लागतं.

तिसरी पायरी: पत्र आणि खर्चाचा करार

ब्युरोच्या विभागीय कार्यालयाला संचालक मंडळाच्या ठरावासह पत्र द्या. पत्र लहान ठेवा: काय हवंय, का हवंय, वापर बदलणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पुढचा अर्धा रस्ता सोपा होतो, कारण वापर आणि पाणी सोडण्याची पद्धत तीच राहणार असेल तर पर्यावरणीय छाननी आटोपशीर करण्याची सोय आहे.

लगेच दुसरा कागद करा: या प्रक्रियेचा खर्च कोण करणार. मोजणी, पुरातत्त्व पाहणी, मूल्यांकन, ब्युरोच्या कर्मचाऱ्यांचे तास. हे तास डिस्ट्रिक्टच्या बिलात येतात आणि कोणी लक्ष ठेवलं नाही तर वाढत जातात. करारात वरची मर्यादा आणि दर तिमाहीचा हिशेब मागा. न मागता कोणी देत नाही.

चौथी पायरी: धरणाची तब्येत

इथे घाई करू नका. वकिलावर कमी आणि भूतंत्र अभियंत्यावर (माती-खडकाच्या जाणकारावर) जास्त पैसे खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७६ च्या ५ जूनला आयडाहोमधलं टीटन धरण पहिल्यांदा भरतानाच फुटलं. ११ माणसं गेली. ते ब्युरोचंच धरण होतं. त्या धक्क्यातून १९७८ चा धरण सुरक्षा कायदा आला. पुढे दुरुस्त झालेल्या या कायद्याप्रमाणे, भूकंपाची किंवा पुराची नवी माहिती पुढे आल्यामुळे ब्युरोच्या धरणात सुरक्षेसाठी बदल करावे लागले, तर त्या खर्चाचे १५ टक्के लाभधारकांच्या वाट्याला येतात. उरलेले ८५ टक्के फेडरल तिजोरीचे. नेहमीच्या देखभालीला हे लागू नाही. मालकी तुमची झाली की ही छत्री मिटते. हिशेब सोपा आहे. ४ कोटी डॉलरचं काम निघालं तर आज तुमचे ६० लाख जातात. सही झाल्यावर ४ कोटी जातील. जुनी कामं दुरुस्त करायला ब्युरोकडून लांब मुदतीची जी मदत मिळते, तीही थांबते.

म्हणून सही करण्याआधी धरणाची पुढच्या तीस वर्षांची दुरुस्तीयादी आपल्या अभियंत्याकडून करून घ्या. ब्युरोच्या तपासणी अहवालात ज्या शिफारशींचं काम अजून झालेलं नाही त्या वेगळ्या काढा. एखाद्या सुरक्षा कामाचा अभ्यास चालू असेल तर ते काम पुरं होईपर्यंत थांबा. ९० टक्के डिस्ट्रिक्टना हा सल्ला आवडणार नाही, कारण थांबायचं म्हणजे पाच-सात वर्षं. तरीही थांबा.

अभियंत्याबरोबर एक दिवस स्वतः धरणावर जा. संचालकांनी जावंच. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला, गळतीचं पाणी एका लहानशा नाल्यात गोळा केलेलं असतं आणि त्या नाल्यात 'व्ही' आकाराची खाच असलेली धातूची पाटी बसवलेली असते. खाचेतून किती उंचीने पाणी पडतंय ते पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं. मिनिटाला इतके गॅलन. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जलाशयाची पातळी तीच असताना पंधरा वर्षांपूर्वी किती होतं आणि आज किती आहे, हे बघायचं असतं. आणि पाणी नितळ आहे की गढूळ. नितळ पाणी थोडं वाढलं तर कारण शोधायला वेळ असतो. गढूळ पाणी म्हणजे भिंतीची माती वाहून चाललीय, तेव्हा वेळ नसतो. त्या पाटीच्या नोंदी, भिंतीत पुरलेल्या पिझोमीटरच्या (आतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या) नोंदी, भिंत किती खचली त्याच्या मोजण्या, बांधकामाचे मूळ नकाशे, चालवण्याची नियमपुस्तिका, हे सगळं पहिल्या दिवसापासूनचं मागा. सुरक्षेच्या कारणावरून यातले काही कागद सहजी मिळत नाहीत. हक्क हातात येण्याआधी, वाटाघाटीत तुमचं वजन असताना, ते मिळवा.

विमोचकाच्या (जलाशयातून पाणी सोडायच्या वाटेच्या) झडपांचंही तसंच. पन्नास-साठ वर्षांच्या झडपा कधी शेवटच्या पूर्ण उघडल्या होत्या, ते विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस जरा थांबला तर पाणबुड्यांकडून तपासणी करून घ्या.

पाचवी पायरी: जमीन

कागदावर कंटाळवाणी, प्रत्यक्षात सगळ्यात वेळखाऊ. ब्युरोकडे दोन प्रकारची जमीन असते. एक विकत घेतलेली आणि दुसरी सरकारी पडजमिनीतून प्रकल्पासाठी राखून ठेवलेली. विकत घेतलेल्या जमिनीचं खत सापडतं. राखीव जमिनीचं राखीवपण आधी उठवावं लागतं, त्यात 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' हे वेगळंच खातं येतं आणि धरण जंगलात असेल तर फॉरेस्ट सर्व्हिसही. दोघांच्या टेबलांवर तुमची फाइल फिरते. मोजणी जुनी असेल तर नवी करावी लागते. नेवाडातल्या हम्बोल्ट प्रकल्पाला, राय पॅच धरण असलेल्या, २००२ मध्येच कायद्याने परवानगी मिळाली होती आणि तरी पुढे दशकभराहून जास्त काळ काम लटकलं. हजारो एकर, अनेक मालक, मोजण्या आणि छाननी.

यादीत तीन रकाने ठेवा: धरणाला लागणारी जमीन, पाण्याच्या काठची जमीन आणि नुसतीच नावावर असलेली जमीन. तिसरा रकाना शक्य तितका रिकामा ठेवा. कुठेतरी जुनी खाण, कुठेतरी बांधकामाच्या वेळचा कचरा पुरलेला खड्डा, कुठे डिझेलची गाडलेली टाकी. पर्यावरण तपासनीसाकडून जागेचा इतिहास काढून घ्या, कारण दूषित जमीन नावावर आली की साफसफाईचा वाद तुमच्या दारात येतो. खनिजाचे हक्क कोणाकडे राहतात तेही पाहा. सरकार ते राखून ठेवू शकतं.

आणि एक गोष्ट जमिनीच्या यादीत कधीच नसते. जलाशय तुमचा होतो, पाणलोट होत नाही. स्लाय पार्कच्या वर एल्डोराडो नॅशनल फॉरेस्ट आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅल्डोर आग लागली, सव्वादोन लाख एकरांच्या घरात जंगल जळलं, पोलॉक पाइन्स रिकामं करावं लागलं. जळलेल्या डोंगरावरून पुढच्या पावसात राख, माती आणि ओंडके खाली येतात. ते अडवणं, काढणं, पाणी शुद्ध करणं हा खर्च धरणाच्या मालकाचा आणि वरचं जंगल कसं राखायचं हा निर्णय दुसऱ्याचा. वनखात्याशी लेखी समझोता मालकी घेण्याआधीच करून ठेवलेला चांगला.

सहावी पायरी: पाण्याचा हक्क वेगळा

धरण मिळालं म्हणजे पाणी मिळालं, हा दुसरा मोठा गैरसमज. पश्चिमेत पाण्याचा हक्क राज्याच्या कायद्याने चालतो, आधी आला त्याचा आधी हक्क या तत्त्वावर. तो परवाना कोणाच्या नावावर आहे? ब्युरोच्या असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तो धरणाबरोबर आपोआप येत नाही. किती पाणी, ते आकड्यात लिहिलेला वेगळा करार लागतो आणि राज्याची प्रक्रिया पाळावी लागते. कॅलिफोर्नियात हे राज्याच्या जलस्रोत मंडळापुढे जातं. नुसतं नाव बदलायचं असेल तर काम तुलनेने सोपं. त्याच अर्जात "आणि थोडं पाणी नव्या वसाहतीलाही" असं घुसवलंत तर खालच्या अंगाचे शेतकरी, मासेमारीवाले, पर्यावरणवाले सगळे हरकती घेऊन उभे राहतील आणि त्यात त्यांची चूक नाही. वापर बदलायचा असेल तर नंतर, वेगळा अर्ज करा.

वीज निर्मिती असेल तर आणखी एक खातं येतं. ब्युरोच्या धरणावरचं छोटं वीजघर ब्युरोच्या भाडेकराराने चाललेलं असू शकतं. मालकी बदलल्यावर तिथे फेडरल ऊर्जा आयोगाचा परवाना लागू शकतो आणि तो स्वतःच काही वर्षांचा विषय आहे.

सातवी पायरी: लोक, जुन्या वस्तू, मासे

पहिल्या जाहीर सभेत लोक धरण सुरक्षेबद्दल विचारतील असं वाटत असेल तर तसं होत नाही. पहिला प्रश्न बोट उतरवण्याच्या धक्क्याच्या फीचा असतो. दुसरा, काठावरच्या केबिनवाल्यांच्या भाडेपट्ट्यांचा. उत्तर तयार ठेवा आणि पाळता येईल तेवढंच बोला. लोकांचा काठावरचा वावर चालू राहील, हे खतातच अट म्हणून लिहायची तयारी असेल तर निम्मा विरोध मावळतो.

आदिवासी राष्ट्रांशी चर्चा ही उपचारापुरती गोष्ट नव्हे. त्यांच्यासाठी विश्वस्त म्हणून राखलेल्या जमिनी आणि पाणी यांना धक्का लागत असेल तर मालकी देता येत नाही, असं कायदाच म्हणतो. शिवाय जलाशयाची पातळी उतरली की काठावर जुन्या वस्त्यांचे अवशेष, दळायचे दगड, दफनभूमी उघड्या पडतात. फेडरल जमिनीवर त्यांना फेडरल पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण असतं, जमीन स्थानिक झाली की ते उठतं. म्हणूनच ऐतिहासिक वारसा कायद्याच्या १०६ व्या कलमाखालच्या नियमांत पुरेशा बंधनाशिवाय मालमत्ता फेडरल मालकीतून बाहेर जाणं हाच 'प्रतिकूल परिणाम' धरला जातो. पन्नास वर्षांवरचं धरण स्वतःही वारसा ठरू शकतं. यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी आणि संबंधित जमातींशी लेखी करार: कोणत्या जागा कशा जपायच्या, खोदकाम निघालं तर कोणाला बोलवायचं.

धोक्यातल्या जातींचा कायदाही इथेच येतो. ब्युरोने आजवर नदीत किमान किती पाणी सोडायचं कबूल केलंय, ते बंधन तुमच्यावर कसं येतं, हे स्पष्ट करून घ्या.

आठवी पायरी: किंमत

किंमत बाजारभावाने ठरत नाही. तुमचं जे देणं उरलंय आणि त्या मालमत्तेतून सरकारला जे उत्पन्न मिळतंय, त्याचं आजचं मूल्य भरायचं. समजा २० वर्षं दरवर्षी १ लाख डॉलर उरलेत. ३ टक्के दराने आजचं मूल्य सुमारे १४ लाख ८८ हजार, ५ टक्क्यांनी सुमारे १२ लाख ४६ हजार. म्हणजे भांडायचं ते दरावर. चराईचे भाडेपट्टे, दुकानाचं भाडं, तेल-वायूची रॉयल्टी ही उत्पन्नं मोजताना दुहेरी धरली जात नाहीत ना, हेही पाहा. कर्ज पूर्ण फिटलेलं आणि दुसरं उत्पन्न नसलेलं असेल तर भरायची रक्कम नगण्य असू शकते. अशा वेळी संचालक मंडळ हुरळून जातं. खरी किंमत चौथ्या पायरीत आहे.

नववी पायरी: जबाबदारी

मालकी बदलल्याच्या दिवसापासून सरकारची जबाबदारी संपते. फक्त सरकारच्या आधीच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान त्याला अपवाद. हे सिद्ध करायचं तर आधीची स्थिती कागदावर हवी, म्हणून चौथ्या पायरीतल्या नोंदी आणि छायाचित्रं.

जुनं काम वारशाने घेणं किती महाग पडतं, याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियात सगळ्या पाणीवाल्यांना तोंडपाठ आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये युबा नदीचा लिंडा इथला बांध फुटला. तो बांध राज्याने बांधलेला नव्हता. कित्येक दशकांपूर्वी स्थानिकांनी कमकुवत मालाने बांधलेला, नंतर राज्याने आपल्या पूरयोजनेत घेतलेला. २००३ मध्ये न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलं आणि तडजोडीची रक्कम सुमारे ४६ कोटी डॉलर झाली. "आम्ही कुठे बांधलं होतं?" हा बचाव चालला नाही.

विमा कंपनीला म्हणूनच वाटाघाटीच्या सुरुवातीलाच बोलवा. हप्ता किती येईल ते ऐकून काही डिस्ट्रिक्ट मागे फिरतात. मागे फिरणं हा वाईट निर्णय नाही. फक्त कालवे आणि पाइपलाइन घेऊन धरण सरकारकडेच ठेवण्याचा मार्गही असतो. टेक्सासमध्ये कॅनेडियन नदी प्राधिकरणाने पाइपलाइनची व्यवस्था घेतली, लेक मेरेडिथचं सॅनफोर्ड धरण फेडरलच राहिलं. आजवरच्या हस्तांतरणांत कालवे आणि पाइपलाइनच जास्त आहेत, अख्खी धरणं थोडी. त्याचं कारण हेच.

दहावी पायरी: करार, नव्वद दिवस, खत

मसुदा करारात निदान एवढं हवं: काय येतंय त्याची नकाशासह यादी, काय येत नाही त्याची यादी, वापराची अट, चालू करारांचं काय होणार, पाण्याचा वेगळा करार, पैशाची रक्कम आणि ती कधीपर्यंत धरायची. पूरनियंत्रणासाठी राखलेली जागा जलाशयात असेल तर त्या पातळ्या आर्मी कोअरच्या नियमांनीच चालतील, तेही लिहा. मसुदा जाहीर करून पाणी आणि वीज ग्राहकांशी चर्चा होते, मग काँग्रेसला सूचना जाते. ९० दिवसांत काही झालं नाही तर सही.

सरकार जे खत देतं ते हक्कसोडपत्र असतं, खरेदीखत नव्हे. म्हणजे "आमचा जो काही हक्क आहे तो सोडला", एवढंच. हक्क निर्वेध असल्याची हमी त्यात नसते. त्यामुळे मालकी शोध आणि शक्य असेल तर मालकीचा विमा आपल्या खर्चाने करा. खत काउंटीच्या नोंदणी कार्यालयात त्याच दिवशी नोंदवा. धरण दोन काउंट्यांत असेल तर दोन्हीकडे.

ताबा घेतल्यावरचं पहिलं वर्ष

राज्याच्या धरण सुरक्षा विभागाचा अर्ज आधीपासून तयार ठेवा, म्हणजे मधला एकही दिवस धरण कोणाच्याच देखरेखीखाली नाही असं होणार नाही. विमा खताच्या तारखेच्या आदल्या मध्यरात्रीपासून सुरू करा. आणीबाणीच्या आराखड्यातले फोन नंबर बदला. ब्युरोचा ड्युटी ऑफिसर आता तुमचा फोन उचलणारा माणूस राहिलेला नाही, तर रात्री दोन वाजता शेरीफला कोण कळवणार, हे नावानिशी लिहा आणि एकदा खोटी आणीबाणी करून बघा.

गळतीच्या नोंदी त्याच पाटीवर, त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने घ्याव्यात. नवं सॉफ्टवेअर आणायची घाई नको. जुना आणि नवा आकडा एकमेकांशी जुळवता आला नाही तर साठ वर्षांच्या नोंदी वाया जातात. धरणावरच्या जुन्या कर्मचाऱ्याला निवृत्तीची घाई असेल तर वर्षभर सल्लागार म्हणून थांबवा. दुरुस्ती निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि तो पाणीपट्टी कमी ठेवायला वापरता येणार नाही असा ठराव पहिल्याच बैठकीत करा. निवडणुकीच्या वर्षात तो ठराव करणं जमत नाही. आणि काठावरच्या प्रत्येक भाडेपट्टेदाराला, चराईवाल्याला, बोटक्लबला पत्र पाठवा की यापुढे भाडं कोणत्या पत्त्यावर भरायचं.